पाठ केलेला प्रोग्रॅम परीक्षेत का सुटतो?

वाचकाचं पत्र: "मी बी.कॉम. आहे, वय ३१. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत क्लार्क आहे, वेळ सकाळी दहा ते सहा. एमएससीआयटी चांगल्या गुणांनी झालं, म्हणून हिंमत करून दूरशिक्षणातून पीजीडीसीएला (संगणकाच्या पदव्युत्तर डिप्लोमाला) प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात सी भाषेचा लेखी पेपर कसाबसा निघाला, प्रॅक्टिकलला मात्र नापास. तीस प्रोग्रॅम पाठ केले होते. आलेला प्रोग्रॅम त्यातलाच होता, पण एक अट बदलून दिली होती आणि मी तिथेच अडकलो. आता डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) आणि जावा समोर आहेत. परीक्षेला चार महिने उरलेत. बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. फी बुडाली असं समजून सोडून द्यावं का? आणि पूर्ण केलंच, तर या वयात त्याचा काही उपयोग होईल का?"
– एक वाचक, सातारा जिल्हा

नमस्कार,

सोडायची वेळ आलेली नाही. दुखणं तुमच्याच पत्रात आहे: "एक अट बदलून दिली होती." परीक्षक अट बदलतात ती मुद्दाम, कारण पाठांतर ओळखायचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. एमएससीआयटीच्या गुणांवरून इथला अंदाज बांधू नका. तिथे दुसऱ्याने तयार केलेलं सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात; इथे तसं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते शिकायचं असतं. तिथले चांगले गुण इथे उपयोगी पडत नाहीत, तसेच इथलं एक नापास होणं म्हणजे डोकं चालत नाही असंही नाही.

प्रोग्रॅम तुम्ही उताऱ्यासारखा वाचताय. तो वाचायचा नसतो, हाताने चालवायचा असतो. याला ड्राय रन म्हणतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात त्याला फार तर अर्धं पान मिळतं आणि विद्यार्थी ते उलटून पुढे जातात. तुम्हाला तर हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं: रोजकीर्दीतल्या नोंदी खतावणीला घेताना प्रत्येक ओळीनंतर शिल्लक काढता ना, तेच इथे करायचं. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलचा (किंमत ठेवायच्या जागेचा) एक रकाना आखा आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत रकान्यात नवी किंमत लिहीत जा.

संख्या उलटी करायचा प्रोग्रॅम घ्या. रकाने तीन: संख्या, शेष, उलट. सुरुवातीला संख्या ४७२, उलट ०. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, तीन कामं आहेत: संख्येला १० ने भागून उरलेली बाकी शेषमध्ये, उलट गुणिले १० अधिक शेष हे पुन्हा उलटमध्ये, आणि संख्येला १० ने भागून आलेला पूर्णांक पुन्हा संख्येत. पहिल्या फेरीअखेर शेष २, उलट २, संख्या ४७. दुसऱ्या फेरीत शेष ७, उलट २७, संख्या ४. तिसऱ्या फेरीत शेष ४, उलट २७४, संख्या ०. संख्या शून्य झाली की लूप थांबतो.

आता परीक्षकाने अट बदलली असं धरा: "संख्या पॅलिन्ड्रोम आहे का, म्हणजे उलटी केली तरी तीच राहते का, सांगा." पाठांतरवाला विद्यार्थी शेवटी उलट आणि संख्या यांची तुलना करतो, आणि १२१ दिले तरी 'नाही' असं उत्तर येतं. रकाने आखले असतील तर कारण लगेच दिसतं: लूप संपेपर्यंत संख्या शून्य झालेली असते, म्हणून मूळ आकडा लूपच्या आधीच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवावा लागतो.

तीस प्रोग्रॅमची यादी बाजूला ठेवा, बारा पुरेत: उलट संख्या, मूळ (प्राइम) संख्या, फॅक्टोरियल, फिबोनाची, अ‍ॅरेतली सर्वांत मोठी संख्या, लिनिअर सर्च, बायनरी सर्च, बबल सॉर्ट, मॅट्रिक्सचा गुणाकार, स्ट्रिंगची लांबी (तयार फंक्शन न वापरता), पॉइंटरने अदलाबदल, आणि स्ट्रक्चर वापरून फाइलमध्ये नोंदी लिहिणं-वाचणं. प्रत्येकाच्या तीन बदललेल्या आवृत्त्या स्वतः तयार करा. सर्वांत मोठी संख्या काढली की दुसऱ्या क्रमांकाची काढा, मग ती कितव्या जागी आहे ते सांगा, मग सगळ्या संख्या ऋण असल्या तर उत्तर बरोबर येतं का ते तपासा. ज्यांनी सुरुवातीला 'मोठी = ०' लिहिलं असेल त्यांचा प्रोग्रॅम इथे तोंडघशी पडतो. सुरुवात नेहमी अ‍ॅरेच्या पहिल्या घटकाने करायची.

टर्बो सीबद्दलही बोलायला हवं, कारण बऱ्याच केंद्रांवर अजून तेच असतं. बोरलँडचं हे सॉफ्टवेअर १९८७ सालचं, डॉसच्या जमान्यातलं. ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये चालवावं लागतं. त्यात पूर्णांकाला २ बाइट मिळतात, म्हणजे −३२७६८ ते ३२७६७ एवढीच जागा. त्यामुळे ७ चं फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतं आणि ८ चं ४०३२० ऐवजी −२५२१६ येतं. विद्यार्थी लूपमध्ये चूक शोधत बसतो, चूक असते जागेची. आजच्या जीसीसी कंपायलरवर (कंपायलर म्हणजे प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) पूर्णांक साधारणपणे ४ बाइटचा असतो. तिथे १२ पर्यंत ठीक चालतं आणि १३ ला आकडा फुटतो. घरी जीसीसीच वापरा, सगळे इशारे दाखवणारा 'वॉल' (-Wall) पर्याय चालू ठेवून. केंद्रावर टर्बो सी असेल तर परीक्षेआधी किमान दोन बैठका त्यावर करा, कारण स्क्रीन पुसायचं 'सीएलआरएससीआर' आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारं 'गेटसीएच' ही त्याची खास फंक्शनं जीसीसीमध्ये जशीच्या तशी मिळतीलच असं नाही.

प्रॅक्टिकलमध्ये वेळ खाणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलआधी & विसरणं. तुलनेच्या जागी एकच = लिहिणं; कंपायलर ते खपवून घेतो आणि अट जवळजवळ नेहमी खरी ठरते. पूर्णांकांचा भागाकार: फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ५/९ आधी लिहिलं तर त्याचं उत्तर ० येतं आणि पुढचा सगळा गुणाकार शून्य. ५.०/९ लिहा. दहा घटकांच्या अ‍ॅरेत अकराव्या जागेवर जाणं, कारण मोजणी ० ते ९ असते आणि लूपमध्ये <= १० लिहिलेलं असतं. दहा अक्षरी नावाला दहाच जागा देणं, जेव्हा शेवटच्या शून्य-चिन्हाला अकरावी लागते. आणि आकडा वाचल्यावर लगेच एक अक्षर वाचायला गेलात की प्रोग्रॅम न थांबता पुढे पळतो, कारण एंटरची कळ अजून रांगेत उभी असते; %सी च्या आधी एक मोकळी जागा सोडली की काम होतं.

एरर वाचायची सवय लावा. पडद्यावर चौदा एरर आल्या तरी फक्त पहिली वाचा, दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. उरलेल्यांपैकी बऱ्याच तिच्यामुळेच आलेल्या असतात. सेमीकोलन बाराव्या ओळीत सुटला तरी तक्रार बऱ्याचदा तेराव्या ओळीवर दिसते, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघायची. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' दिसलं तर फंक्शनच्या नावाचं स्पेलिंग तपासा. लिनक्सवर वर्गमूळ वापरलं असेल तर गणिताची लायब्ररी जोडायला 'एलएम' (-lm) लिहिलंय का तेही बघा. चॅटजीपीटीकडून एररचा अर्थ समजून घ्यायला हरकत नाही. प्रोग्रॅम लिहून घेतलात तर तीस पाठ प्रोग्रॅमांचे तीनशे होतील, इतकंच.

डेटा स्ट्रक्चरला हात घालण्याआधी पॉइंटर पक्के हवेत, आणि ते चौकोन काढल्याशिवाय होत नाहीत. चौकोनात किंमत, खाली पत्ता (१०००, १००४ असे काल्पनिक आकडे चालतील), आणि पॉइंटरच्या चौकोनात दुसऱ्याचा पत्ता. अदलाबदलीचं फंक्शन आधी साध्या व्हेरिएबलने लिहा आणि कागदावर चालवा. फंक्शनला मिळालेल्या प्रतींची अदलाबदल होते, मूळ चौकोन जागचे हलत नाहीत. पत्ते पाठवले की हलतात. एवढं नीट दिसलं की लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता असलेली यादी) अवघड राहत नाही.

लिंक्ड लिस्टमध्ये मधे नोड (नवी नोंद) घालताना क्रम महत्त्वाचा. आधी नव्या नोडच्या 'नेक्स्ट'मध्ये जुन्याचा 'नेक्स्ट' घ्यायचा, मग जुन्याच्या 'नेक्स्ट'मध्ये नव्याचा पत्ता. उलट केलंत तर पुढच्या सगळ्या नोडांचा पत्ता हरवतो, नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवत राहतो, आणि यादी छापायला गेलात की तोच आकडा पडद्यावर अखंड वाहू लागतो. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न हमखास येतो: "या दोन ओळींची अदलाबदल केली तर?"

स्टॅकमध्ये (शेवटी ठेवलेलं आधी निघणारी रचना) इन्फिक्सचं (चिन्ह मधे) पोस्टफिक्स (चिन्ह शेवटी) रोज दोनदा सोडवा. ६+२*३ चं ६ २ ३ * + होतं आणि उत्तर १२. (६+२)*३ चं ६ २ + ३ * होतं आणि उत्तर २४. क्यूमध्ये (आधी आलेलं आधी निघणारी रांग) गोल क्यू नीट बघा: पाच जागा असतील तर मागचं टोक ४ वरून (४+१)%५ म्हणजे पुन्हा ० वर येतं. पण पुढचं आणि मागचं टोक एकाच जागी आलं, तर क्यू रिकामी की भरलेली? म्हणून एक जागा मोकळी ठेवतात किंवा मोजणीचा वेगळा आकडा ठेवतात. बायनरी सर्च ट्रीला (लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे ठेवणारं झाड) ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० या क्रमाने आकडे द्या, इनऑर्डर (डावं, मधलं, उजवं) काढा, चढता क्रम मिळेल. मग तेच आकडे आधीच चढत्या क्रमाने देऊन बघा. झाड एका बाजूला वाढत वाढत सरळ लिंक्ड लिस्ट होतं आणि शोधायचा सगळा फायदा जातो. ५० काढून टाकायचा असेल तर त्याच्या जागी इनऑर्डरमधला पुढचा, म्हणजे ६० येतो. यापुढचे एव्हीएल ट्री आणि ग्राफ लेखी पेपरपुरते बघा.

डीबीएमएसमध्ये तुमचं पारडं जड आहे. पुस्तकात विद्यार्थी-शिक्षक-विषय अशी नीरस उदाहरणं असतात. तुमच्यासमोर कर्जहप्त्याचं रजिस्टर आहे. एकाच तक्त्यात कर्ज क्रमांक, हप्ता क्रमांक, तारीख, हप्त्याची रक्कम, मूळ कर्ज, व्याजदर, सभासद क्रमांक, नाव आणि पत्ता लिहा. इथे प्रायमरी की (ओळ नेमकी ओळखायची खूण) आहे कर्ज क्रमांक आणि हप्ता क्रमांक मिळून. ३६ हप्त्यांच्या कर्जदाराने पत्ता बदलला आणि ३५ ओळींत बदलून एक राहिली, की अपडेट अनॉमली (विसंगती). ज्याने कर्जच घेतलेलं नाही त्या सभासदाला या तक्त्यात जागाच नाही, ती इन्सर्शन अनॉमली. जुन्या कर्जाच्या ओळी काढल्या आणि सभासदाचा पत्ताही गेला, ती डिलीशन अनॉमली.

आता फोड करा. मूळ कर्ज, व्याजदर, सभासद क्रमांक, नाव, पत्ता हे फक्त कर्ज क्रमांकावर ठरतात, हप्ता क्रमांकाशी त्यांचा संबंध नाही. हे अर्धवट अवलंबन. ते वेगळ्या कर्ज तक्त्यात नेलं की दुसरं नॉर्मल फॉर्म. त्या तक्त्यातही नाव-पत्ता खरं तर सभासद क्रमांकावर ठरतं, ते सभासद तक्त्यात गेलं की तिसरं. शेवटी तीन तक्ते उरतात: सभासद, कर्ज, हप्ता. नॉर्मलायझेशनवर (तक्त्यांच्या या फोडीवर) दहा गुणांचा प्रश्न आला तर हेच उदाहरण, तक्ते आखून, याच क्रमाने लिहा. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल १९७० साली मांडलं, एवढं प्रस्तावनेत लिहिलं की पुरे. इतिहासावर पान खर्च करू नका.

एसक्यूएलची (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची) प्रश्नपत्रिका याच तीन तक्त्यांवर स्वतः तयार करा. ज्या कर्जावर ५०,००० रुपयांहून जास्त वसुली झाली ती कर्जं काढा. इथे बेरजेची अट 'व्हेअर'मध्ये चालत नाही, 'ग्रुप बाय'नंतर 'हॅविंग'मध्ये लागते. एकही कर्ज नसलेले सभासद काढा. साध्या जॉइनने ते दिसतच नाहीत, 'लेफ्ट जॉइन' करून कर्ज क्रमांक 'इज नल' असलेल्या ओळी घ्याव्या लागतात. '= नल' लिहिलंत तर एरर येत नाही आणि ओळही मिळत नाही, म्हणून चूक लपते. पैशांचा रकाना फ्लोटमध्ये ठेवू नका. दशांश अपूर्णांक त्यात नेमके बसत नाहीत आणि बेरजेत पैशांचा फरक पडतो. डेसिमल (१२,२) घ्या. 'अपडेट' किंवा 'डिलीट' चालवण्याआधी तीच 'व्हेअर' अट 'सिलेक्ट'ला लावून किती ओळी येतात ते बघा. बचत खात्यातून कर्ज खात्यात रक्कम वळती करताना एक नोंद झाली आणि दुसरीआधी वीज गेली तर काय, हा ट्रान्झॅक्शनचा अख्खा धडा आहे. स्टार्ट, कमिट, रोलबॅक हाताने करून बघा.

हे सगळं करताना पतसंस्थेचा खरा डेटा घरी आणू नका आणि ऑफिसच्या संगणकावर सरावही करू नका. नावं-आकडे मनाने तयार करा. वीस सभासद, पंधरा कर्जं, शंभरएक हप्ते एवढं पुरतं.

गणिताची धास्ती पत्रात दिसते त्याहून बरीच कमी ठेवा. कॅल्क्युलस कुठेच लागत नाही. लागतं ते द्विमान पद्धत, बाकी काढणं, थोडं बुलियन बीजगणित आणि दोनच्या पायाचा लॉग, म्हणजे किती वेळा निम्मं केलं की एकावर येतं. हजार नोंदींत बायनरी सर्चला जास्तीत जास्त १० तुलना पुरतात, कारण २ चा दहावा घात १०२४. बबल सॉर्टला १० घटकांसाठी ४५ तुलना, सूत्र न(न−१)/२.

वेळेचा हिशोब मात्र कडक करा. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे ४ श्रेयांकांच्या विषयाला १२० तास. तुम्हाला सोमवार ते शुक्रवार रोज सव्वा तास आणि रविवारी चार तास मिळाले, तर आठवड्याला सव्वादहा आणि सोळा आठवड्यांत साधारण १६० तास होतात. त्यात सीचं राहिलेलं प्रॅक्टिकल, डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस आणि जावा बसत नाही. जावा पुढच्या परीक्षेला ठेवा. पॉइंटर समजलेल्या माणसाला जावातले ऑब्जेक्टचे संदर्भ लवकर कळतात, तेव्हा उशीर फुकट जाणार नाही. पण त्याआधी प्रॉस्पेक्टसमध्ये तीन गोष्टी बघा: अभ्यासक्रमाची कमाल मुदत, राहिलेल्या प्रॅक्टिकलचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि प्रयोगशाळेतल्या हजेरीची अट. हजेरी अपुरी असल्याने प्रॅक्टिकलला बसू न दिलेले विद्यार्थी प्रत्येक सत्रात निघतात. असाइनमेंटही वेळेत द्या, त्यात बऱ्याच ठिकाणी वेगळं पास व्हावं लागतं.

पहिले चार आठवडे फक्त सी आणि पॉइंटर. पुढचे आठ डेटा स्ट्रक्चर. डीबीएमएस सीवर अवलंबून नाही, तेव्हा ते पहिल्या रविवारपासून दर रविवारी. शेवटचे चार आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. जेवणाच्या सुट्टीत कागदावर ड्राय रन आणि रात्री तोच प्रोग्रॅम टाइप करणं, ही विभागणी नोकरदारांना चांगली जमते.

जर्नल उतरवून काढू नका. प्रत्येक प्रोग्रॅमखाली तीन इनपुटची उत्तरं लावा: नेहमीचं, टोकाचं (०, १, रिकामी यादी) आणि चुकीचं. परीक्षेत स्लिप मिळाली की पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात न लावता रकाने आखा. मग सांगाडा टाइप करून कंपाइल करा आणि पुढे दर आठ-दहा ओळींना पुन्हा. प्रोग्रॅम पूर्ण झाला नाही तरी चालणारा अर्धा भाग आणि कागदावरचा ड्राय रन दाखवता येतो. पूर्ण टाइप केलेल्या पण कंपाइल न होणाऱ्या दोन पानांपेक्षा ते बरं दिसतं.

लॅपटॉप नवा घेऊ नका. जीसीसी, कमांड लाइनवरचं मारियाडीबी आणि पुढे जावाचा कंपायलर ४ जीबीत आरामात चालतात. एक्लिप्ससारखं जड काही टाकू नका. मशीन फारच रडत असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक लगेच दिसेल.

राहिला वयाचा आणि उपयोगाचा प्रश्न. फक्त पीजीडीसीएच्या जोरावर ३१ व्या वर्षी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नवोदित प्रोग्रॅमर म्हणून शिरणं कठीण आहे. तिथे तुमच्यासमोर अभियांत्रिकी आणि एमसीएची पोरं असतील. पण बँकिंगचा हिशोब कळणारा आणि एसक्यूएल लिहिता येणारा माणूस वेगळ्या ठिकाणी लागतो: पतसंस्था आणि सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत सपोर्ट आणि अंमलबजावणीचं काम, बँकेतलं एमआयएस (व्यवस्थापनाला लागणारे अहवाल), जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात डेटा नेणं. व्याज का जुळत नाही हे त्या अभियंत्याला समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. म्हणून प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की ग्रंथालय किंवा हॉटेल बुकिंग घेऊ नका. पिग्मी किंवा कर्जवसुली घ्या, थकबाकीची यादी आणि घटत्या शिलकीवरचं व्याज त्यात बरोबर काढून दाखवा, आणि अर्जाबरोबर तोच प्रोजेक्ट जोडा.